एकच पान, अनेक पत्ते

आपल्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ नेमक्या किती पत्त्यांवर उघडते, हे फारच थोडे संकेतस्थळचालक तपासून पाहतात. आरंभी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लिहिले किंवा गाळले, 'एचटीटीपी'ऐवजी 'एचटीटीपीएस' घातले, शेवटी 'इंडेक्स.एचटीएमएल' जोडले, तरी बहुधा तेच पान समोर येते. वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. शोधयंत्राच्या लेखी मात्र हे आठ निरनिराळे पत्ते असतात.

यातून होणारी हानी दुहेरी आहे. पानाचे महत्त्व ठरवताना शोधयंत्रे इतर स्थळांवरून त्याकडे येणारे दुवे विचारात घेतात. पत्ते अनेक असले की हे दुवेही विभागले जातात. शोधयंत्र सारखी पाने ओळखून त्यांतील एक पत्ता स्वतःच निवडते. पण ती निवड आपल्या मनाजोगी असेलच असे नाही. दुसरे असे, की वस्तूंच्या याद्या रंग वा किमतीनुसार लावणाऱ्या विक्रीस्थळांवर असे हजारो पत्ते तयार होतात. त्यांच्या फेऱ्या मारण्यात शोधयंत्राचा वेळ खर्ची पडतो आणि नवी पाने नोंदली जाण्यास विलंब होतो. फसवणुकीचा हेतू नसेल, तर केवळ पुनरावृत्तीसाठी गूगल दंड करीत नाही. नुकसान होते ते या विभागणीमुळे.

यावरील उपाय अवघड नाहीत. प्रथम प्रत्येक पानाचा एकच अधिकृत पत्ता ठरवावा. इतर पत्त्यांवरून त्याकडे '३०१' या सांकेतिक क्रमांकाचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन करावे. जेथे ते शक्य नाही, तेथे पानाच्या शीर्षभागात 'कॅनॉनिकल' दुवा द्यावा. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे ही सोय मान्य केली. मात्र ती आज्ञा नसून सूचना आहे. अंतर्गत दुवे आणि साइटमॅप यांत वेगळाच पत्ता असेल, तर शोधयंत्र ती सूचना डावलू शकते.

'रोबोट्स.टीएक्सटी'द्वारे जादा पत्ते बंद करण्याचा मोह मात्र टाळावा. शोधयंत्राला ते पानच वाचता आले नाही, तर त्यातील सूचना त्याला कळणार कशी?