एकच वाफ, चार उकळ्या

शंभर किलो उसाच्या रसात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ मिळून पंधरा किलोच्या आसपास भरतात. बाकी सगळं पाणी. या रसाचा साखर धरण्याजोगा दाट पाक करायचा, तर त्यातलं पंचाहत्तर किलो पाणी उडवावं लागतं. दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना महाराष्ट्रात आता मोठा मानत नाहीत. पण तिथंही रोज जवळपास १,९०० टन पाण्याची वाफ करावी लागते.

हे काम फार महागाचं. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी उष्णता पुरते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात, आणि एवढी उष्णता पिऊनही त्याचं तापमान अंशभरसुद्धा वाढत नाही. ती सगळी वाफेच्या पोटात दडून बसते. गुऱ्हाळात काहिलीवरून जो पांढरा लोट छपराबाहेर पडतो, त्याच्याबरोबर चुलाणात जाळलेल्या चिपाडांची मोठी कमाई हवेत जाते.

मग ही वाफ धरून तिच्यावरच दुसरी काहिल का उकळू नये? अडचण अशी, की उष्णता फक्त जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. पहिल्या काहिलीची वाफ १०० अंशांची, आणि दुसऱ्या काहिलीतला रसही १०० अंशांच्या पुढेच उकळणार. दोघांत फरकच नाही, तर देवाणघेवाण कशी व्हावी? वाफेत उष्णता भरपूर असते. तिला उतरायला उतार मात्र नसतो. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ साली उष्णतेची तुलना उंचावरून पडणाऱ्या पाण्याशी केली होती. तेच चित्र पुढे न्यायचं, तर एका चाकावरून पडलेलं पाणी दुसरं चाक फिरवू शकतं, पण दुसरं चाक खालच्या पायरीवर हवं.

ही खालची पायरी नॉर्बर्ट रिलिय यानं बांधली. जन्म १८०६, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, सधन. आई कृष्णवर्णीय वंशाची, मुक्त. त्यामुळे गुलामांच्या राज्यात तो मुक्त म्हणून जन्मला, पण गोऱ्यांच्या बरोबरीचा मात्र कधीच ठरला नाही. चित्रकार एदगार दगाची आई त्याची आतेबहीण. वडिलांनी त्याला पॅरिसला पाठवलं, आणि तिथल्या एकोल सेंट्रालमध्ये तो विशीतच शिकवू लागला.

लुइझियानातल्या उसाच्या मळ्यांवर तेव्हा एकाच भट्टीवर उघड्या कढयांची रांग असे. ग्रांद, फ्लांबो, सिरो, बात्री अशी त्यांची नावं; पहिली सर्वांत मोठी, शेवटची सर्वांत लहान. उकळता रस लांब दांड्यांच्या पळ्यांनी एकीतून दुसरीत टाकायचं काम गुलामांचं. अंगावर उकळता पाक उडायचा, लाकूड बेसुमार जळायचं, आणि शेवटच्या कढईत साखर करपून काळी पडायची. बंद भांड्यातली हवा काढून घेतली की रस कमी तापमानाला उकळतो, हे इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डनं १८१३ च्या सुमारास दाखवून दिलं होतं. त्यामुळे साखर करपणं थांबलं; वाफ मात्र अजून वायाच जात होती.

रिलियनं अशी बंद भांडी एकापुढे एक जोडली. आजच्या कारखान्यात चारांचा संच असतो. कामगार त्याला ‘क्वाड’ म्हणतात आणि प्रत्येक भांड्याला ‘बॉडी’. प्रत्येकाच्या तळाशी नळ्यांचा जुडगा: नळ्यांतून रस, बाहेरून वाफ. टर्बाइन फिरवून आलेली वाफ फक्त पहिल्या बॉडीला मिळते. तिथला रस १०३-१०५ अंशांना उकळतो. त्याची वाफ दुसरीत जाते. तिथं दाब कमी, म्हणून रस नव्वदीतच उकळतो. त्याची वाफ तिसरीला, तिथं ऐंशीच्या आसपास. चौथीत इतकी निर्वात स्थिती असते की दाट झालेला रस ५५ अंशांना खदखदतो. रस जसजसा दाट होतो, म्हणजे करपण्याचा धोका जसजसा वाढतो, तसतसा तो थंड भांड्यात जातो. इंधनाची बचत आणि साखरेची काळजी एकाच रचनेत साधली आहे. यंत्रांबाबत देखणेपणाची भाषा मी सहसा करत नाही, पण इथं दुसरा शब्द सुचत नाही.

याहून अचंबा वाटतो तो एका गोष्टीचा: मधल्या भांड्यांतले दाब कुणीच ठरवत नाही. शेवटच्या बॉडीची वाफ कंडेन्सरमध्ये गार पाण्याच्या माऱ्यानं विरते. साध्या हवेच्या दाबाला लिटरभर पाण्याची सोळाशेहून अधिक लिटर वाफ होते. ती पुन्हा पाणी झाली की तेवढी जागा एकदम रिकामी पडते. हीच निर्वात जागा. दुसरी बॉडी पहिलीच्या वाफेला निववते, तिसरी दुसरीच्या. समजा दुसरीत वाफ निवण्याचं काम मंदावलं, तर पहिलीत वाफ तुंबते, दाब चढतो, तापमान चढतं. तापमानातला फरक वाढला की उष्णता पुन्हा जोरानं वाहू लागते. ओढ सगळी शेवटच्या टोकाला. रसही त्याच ओढीनं एका भांड्यातून पुढच्यात सरकतो.

फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाउन या कारखान्यानं बांधलेला संच १८४५ साली थिओडोर पॅकवुडच्या मर्टल ग्रोव्ह मळ्यावर यशस्वीपणे चालला. रिलियची अमेरिकी पेटंटं १८४३ आणि १८४६ ची. मळेवाल्यांना संच हवा होता, पण तो बसवायला येणाऱ्या माणसाला कुठल्या पंगतीत बसवायचं, हा पेच होता. काही ठिकाणी त्याला वेगळं घर दिलं जाई, म्हणतात. पुढे मुक्त कृष्णवर्णीयांवरची बंधनं आवळत गेली, तेव्हा तो पॅरिसला परतला. तिथं काही काळ इजिप्तच्या चित्रलिपीत रमला, आणि १८८१ साली, पंचाहत्तरीत, बीटाच्या साखरेसाठी नवं पेटंट घेऊन पुन्हा याच विषयाकडे वळला. १८९४ साली तिथंच वारला.

साखर-तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत ‘रिलियचे नियम’ अजून शिकवले जातात. पहिला सोपा: जितकी भांडी, तितके किलो पाणी एका किलो वाफेत उडतं. प्रत्यक्षात थोडं कमीच. दुसरा जास्त हुशारीचा. कारखान्यात वाफ इतर कामांनाही लागते, उदाहरणार्थ कच्चा रस तापवायला. ती बॉयलरची ताजी कशाला वापरायची? मधल्या बॉडीतून काढून घ्या. चारांपैकी दुसरीतून घेतली, तर तिनं तोवर दोन भांड्यांत पाणी उडवलेलं असतं, म्हणून अर्धी बचत; तिसरीतून घेतली तर पाऊण. तिसरा नियम देखभालीचा: वाफेबरोबर हवा आणि इतर वायू येतात, ते निवून पाणी होत नाहीत, नळ्यांभोवती गोधडीसारखे साचतात. त्यांना सतत बाहेरची वाट द्यावीच लागते.

मग भांडी वीस का नाहीत? कारण पहिल्या आणि शेवटच्या बॉडीत मिळून उतार जेमतेम पन्नास अंशांचा. तो जितक्यांत वाटाल तितका प्रत्येकाच्या वाट्याला फरक कमी येतो, आणि तेवढीच उष्णता ढकलायला नळ्यांचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. दाट रस पाण्यापेक्षा थोड्या वरच्या तापमानाला उकळतो, तेही अंश दर भांड्यात गळतात. शिवाय नळ्यांत क्षारांचे थर धरतात, ते खरवडत बसावं लागतं. त्यामुळे चार बॉडींचा संच त्यांतल्या एकटीपेक्षा जास्त पाणी उडवतो असं नाही. तेवढंच पाणी पाव वाफेत उडवतो. आता पाच बॉडींचे संचही सर्रास दिसतात.

वाफ वाचली म्हणजे चिपाड वाचलं. साखर कारखाना स्वतःच्या उसाच्या चिपाडावर चालतो, वर वीज विकतो, त्यामागे हे गणित आहे. आणि उसात सत्तर टक्के पाणीच असल्यामुळे संचाच्या मधल्या भांड्यांतून निघणारं गरम पाणी हे उसाचंच असतं. तेच परत गिरणीवर, पिळल्या जाणाऱ्या चिपाडावर शिंपून आत राहिलेली साखर धुऊन काढतात.

शेवटच्या बॉडीची ५५ अंशांची वाफ मात्र अजूनही कंडेन्सरमधून फवाऱ्यांच्या तळ्यात जाते आणि तिची उष्णता हवेत विरते. म्हणून हल्लीचे अभियंते आधीच्या भांड्यांतूनच जास्तीत जास्त वाफ काढून घेतात, शेवटचीला जेवढ्यास तेवढी ठेवतात. दुसरी वाट अशी, की वाफ यंत्रानं दाबायची. दाबली की तापमान चढतं आणि ती ज्या रसातून निघाली त्यालाच पुन्हा उकळू शकते. दुधाची भुकटी करणाऱ्या डेअऱ्यांत ही युक्ती रुळली आहे.