दहाव्या वर्षीं कीं सोळाव्या वर्षीं?

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी मराठींत म्हण आहे. घरांत ती कौतुकापुरती ठीक. परंतु लक्षावधि मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था करणाऱ्या राष्ट्राला हा प्रश्न व्यवहारांत सोडवावा लागतो. विद्यापीठाकडे कोणीं जावें व कारखान्याकडे कोणीं, हें कोणत्या वयांत ठरवावें? जर्मनी व फिनलंड यांनीं या प्रश्नाचीं परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं आहेत.

जर्मनींत शिक्षणाचा कारभार सोळा घटक राज्यांच्या हातीं आहे. तरी मूळ सांचा एकच. १९२० च्या कायद्यानें सर्व मुलांस पहिलीं चार वर्षें एका शाळेंत आणलें. बर्लिन व ब्रांडेनबुर्ग येथें ही मुदत सहा वर्षांची आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणीं मूल दहा वर्षांचें झालें कीं वाटा फुटतात. परंपरेनें या वाटा तीन : कारागिरीकडे नेणारी ‘हाउप्टशुले’, कचेरी व तांत्रिक धंदे यांकडे नेणारी ‘रेआलशुले’ आणि विद्यापीठाकडे नेणारें ‘गिम्नाझिउम’. अलीकडे अनेक राज्यांनीं पहिल्या दोन वाटा एकत्र केल्या आहेत, कोठें कोठें समाईक शाळाही निघाल्या आहेत. परंतु गिम्नाझिउमचें वेगळेपण कायम आहे. पुढें वाट बदलतां येते, पण तें सोपें नसतें.

या पद्धतीची जमेची बाजूही मोठी आहे. विद्यापीठाकडे न जाणारा विद्यार्थी वाऱ्यावर सोडला जात नाहीं. आठवड्याचे कांहीं दिवस कारखान्यांत उमेदवारी व कांहीं दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेंत, असा त्याचा क्रम असून त्यास वेतनही मिळतें. ‘माइस्टर’ झालेल्या सुताराला वा यंत्रकाराला समाजांत मान असतो.

फिनलंडांतही पूर्वीं लवकर निवड होत असे. प्राथमिक शाळेंत चार वर्षें काढून कांहीं मुलें परीक्षा देऊन, फी भरून माध्यमिक शाळेंत जात. बाकीचीं मागें राहत. १९६८ च्या कायद्यानें ही विभागणी मोडली. १९७२ सालीं उत्तरेकडून आरंभ होऊन १९७७ पर्यंत सारा देश नव्या पद्धतीखालीं आला, आणि सातव्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत सर्व मुलें एका शाळेंत शिकूं लागलीं. गणित व परभाषा यांपुरते उरलेले कुवतीचे गटही १९८५ सालीं गेले. अर्थात् सर्वांना बरोबर न्यावयाचें तर खर्च येतो. वर्गशिक्षकास विद्यापीठाची उच्च पदवी लागते, मागें पडणाऱ्या मुलास शाळेंतच विशेष शिक्षकाचें साहाय्य मिळतें, आणि १९४८ पासून दुपारचें जेवण सर्वांस विनामूल्य आहे. पुढील शिक्षण विद्यापीठाच्या दिशेनें कीं धंद्याच्या, ही निवड सोळाव्या वर्षीं होते.

२००० सालीं अनेक राष्ट्रांतील पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पीसा’ ही चांचणी झाली. वाचनांत फिनलंड पहिला आला. जर्मनी सरासरीखालीं राहिली. शिवाय घरची स्थिति व मुलाचे गुण यांचें नातें तेथें फारच घट्ट आढळलें. यावरून फिनलंडचा मार्ग निर्दोष ठरत नाहीं. गणितांत २००६ सालीं त्याचे ५४८ गुण होते, ते २०२२ सालीं ४८४ वर आले. जर्मनीचे त्या वर्षीं ४७५ होते. तथापि जर्मनीचा दोष त्यामुळें झांकत नाहीं. दहा वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याच्या बुद्धीबरोबरच घरची भाषा, घरांतील पुस्तकें व आईबापांची सवड यांचाही मोठा वाटा असतो.

हांबुर्ग शहरांत समाईक शाळा सहा वर्षांची करण्याचा बेत राज्यकर्त्यांनीं आंखला होता. १८ जुलै २०१० रोजीं जनमत घेण्यांत आलें आणि मतदारांनीं तो फेटाळला. ज्यांची मुलें गिम्नाझिउमला सहज पोंचतात, त्यांना ती वाट लवकर फुटावी असें वाटणें स्वाभाविक आहे. कारागिराला मान देण्याची जर्मन रीत खरोखर अनुकरणीय आहे. परंतु त्या मानासाठीं दहाव्या वर्षींच मुलांची वांटणी करावी लागते, असें मात्र सिद्ध होत नाहीं.