माहिती फुकट, मग दुकान चालते कसे?

दुकानात आलेल्या शंभर गिऱ्हाइकांपैकी अठ्ठ्याण्णव जण माल हाताळून रिकाम्या हाताने परतू लागले, तर त्या दुकानाला लवकरच टाळे लागेल. प्रवासाची माहिती देणाऱ्या स्वतंत्र वेबसाइटचा धंदा मात्र नेमका असाच असतो. येणाऱ्याकडून एक पैसाही घेतला जात नाही आणि बहुतेक लोक वाचून निघून जातात. तरीही अशा काही वेबसाइट वीस-पंचवीस वर्षे टिकून आहेत. पैसा कोणाच्या खिशातून येतो, हे व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण यातील मूळ हिशोब दलालीचा आहे आणि दलाली आपल्या बाजाराला नवी नाही.

एका रेल्वे कर्मचाऱ्याचे उदाहरण

इंग्लंडमधील मार्क स्मिथ यांचे उदाहरण घेऊ. ते मूळचे रेल्वेतील माणूस. लंडनमधील चेअरिंग क्रॉस, लंडन ब्रिज व कॅनन स्ट्रीट या स्थानकांचे ते व्यवस्थापक होते. पुढे त्यांनी सरकारच्या परिवहन खात्यातही नोकरी केली. लंडनहून रेल्वेने इटलीला किंवा इस्तंबूलला जाणे फारसे अवघड नव्हते, पण कसे जायचे हे सांगणारे कोणी भेटत नव्हते. ही उणीव ओळखून त्यांनी २००१ साली फावल्या वेळात एक वेबसाइट सुरू केली. तिचे नाव ‘द मॅन इन सीट सिक्स्टी-वन’. युरोस्टार गाडीच्या पहिल्या वर्गातील ६१ क्रमांकाच्या जागेवरून खिडकीबाहेरचे चांगले दिसे, म्हणून ते ती जागा मागून घेत. त्यावरून हे नाव पडले.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. स्मिथ यांनी नोकरी सोडली ती २००७ साली. म्हणजे सहा वर्षे त्यांनी पगारावर घर चालवले व वेबसाइट हळूहळू वाढू दिली.

माल तयार कसा होतो?

या धंद्यातला माल म्हणजे खात्रीची माहिती. गाडी किती वाजता सुटते, तिकीट कोठे व किती दिवस आधी घ्यावे, कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी, गाडी बदलताना कोणत्या फलाटावर जावे, हे सारे स्मिथ क्रमाने लिहितात. शक्य तेथे स्वतः प्रवास करतात व स्वतः काढलेले फोटो देतात. भारतीय रेल्वेवरही त्यांनी सविस्तर लिहिले आहे. वेटिंग व आरएसी म्हणजे काय, स्लीपर व एसी डब्यांत फरक कोणता, परदेशी माणसाने आयआरसीटीसीवर खाते कसे उघडावे, हे त्यात आहे. आपल्याला या गोष्टी रोजच्या. परक्याला मात्र कोडे पडते. ज्याला कोडे पडते तोच वाचक. म्हणून जे आपल्याला सरावाने येते, त्यातच विकण्याजोगा माल असतो.

मात्र हा माल नाशवंत आहे. युरोपात दर डिसेंबरात रेल्वेचे नवे वेळापत्रक लागू होते, की जुनी पाने दुरुस्त करावी लागतात. जुन्या फॅशनचे कापड निदान सवलतीत खपते, पण चुकीची वेळ फुकट दिली तरी कोणी घेत नाही. उलट ज्याची गाडी चुकली तो पुन्हा फिरकत नाही.

पैसा येतो कोठून?

मुख्य मार्ग दलालीचा. लेखात तिकीट कंपनीची किंवा हॉटेल बुकिंग कंपनीची लिंक असते. वाचक त्या लिंकवरून गेला, की गिऱ्हाईक कोणी पाठवले याची खूण त्याच्या कॉम्प्युटरवर नोंदवली जाते. हिला ‘कुकी’ म्हणतात. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर वेबसाइटला कमिशन मिळते. मुदत टळली तर बहुधा काही नाही. ॲमेझॉनवर ही मुदत साधारण २४ तासांची असते.

हिशोब समजण्यासाठी मानून चला, की तीन रात्रींचे हॉटेलचे बिल १५,००० रुपये झाले. हॉटेलने बुकिंग कंपनीला १५ टक्के दिले, म्हणजे २,२५० रुपये. कंपनीने त्यातला चौथा हिस्सा वेबसाइटला दिला, तर ५६२ रुपये ५० पैसे सुटतात. शंभरात दोघांनीच खोली घेतली तरी १,१२५ रुपये झाले. बाकीचे अठ्ठ्याण्णव रिकाम्या हाताने परतले तरी दुकान उघडे राहते, ते असे.

दुसरा मार्ग जाहिरातींचा. गुगलची ॲडसेन्स ही योजना २००३ पासून चालू आहे. जाहिरातदाराच्या शंभर रुपयांतले सुमारे ६८ रुपये वेबसाइटवाल्याला मिळतात. परंतु एका वाचकामागे ही रक्कम पैशांत मोजावी अशी असते. हजारो वाचक असतील तरच हाती काही लागते. तिसरा मार्ग पुस्तकाचा. स्मिथ यांचे पुस्तक २००८ साली निघाले.

दलाली घेऊन खरे बोलणे

खरी कसोटी येथेच आहे. एका हॉटेलकडून कमिशन मिळते, दुसरे स्वस्त व चांगले असूनही काही देत नाही. लिहिणाऱ्याने कोणते सांगावे? पहिलेच पुढे केले तर या महिन्यात उत्पन्न वाढेल. पण वाचक तेथे जाऊन फसला, की तो स्वतः तर येणार नाहीच, आणखी चार जणांना सावध करील. कापड बाजारात जो दलाल दोन्ही बाजूंना माल जसा आहे तसा दाखवतो, त्याच्याच शब्दावर ठाण उघडून न पाहता सौदा होतो. स्मिथ यांच्या पानांवर कमिशन मिळते हे उघड लिहिलेले असते. शिवाय कमिशन देणाऱ्या कंपन्यांच्या जोडीने त्या त्या देशाच्या रेल्वेची अधिकृत वेबसाइटही सांगितलेली असते.

हा आता केवळ इमानाचा प्रश्न राहिलेला नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरून मालाची शिफारस करणाऱ्यांसाठी नियम केले. पाठोपाठ जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. मोबदला, भेटवस्तू किंवा फुकट मुक्काम घेऊन शिफारस केली, तर ते वाचकाला स्पष्ट सांगावे लागते.

जोखीम कोणती?

या दुकानाची किल्ली पूर्णपणे आपल्या हाती नसते. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत कमिशन कापले. फर्निचरवरील ८ टक्क्यांचे ३ टक्के झाले आणि किराण्यावरील ५ टक्क्यांचा १ टक्का. त्याच सुमारास कोरोनामुळे प्रवासच थांबला व प्रवासी वेबसाइटचे उत्पन्न आटले.

त्याहून मोठा प्रश्न रस्त्याचा आहे. बहुतेक वाचक गुगलवरून येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गुगलने निकालांची क्रमवारी लावण्याची रीत बदलली आणि अनेक लहान प्रवासी वेबसाइटचे वाचक एकाएकी घटले. मे २०२४ पासून अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल प्रश्नाचे तयार उत्तर वरच देऊ लागले. ते उत्तर तयार होते इतरांनी लिहिलेल्या माहितीवरून. पण वाचकाला तेथेच उत्तर मिळाले तर तो लिंक उघडत नाही, आणि लिंक उघडली नाही तर दलालीही नाही. म्हणून जो वाचक वेबसाइटचे नाव लक्षात ठेवून थेट येतो, किंवा ई-मेलने नियमित माहिती मागवतो, तोच खरा आधार.

ज्यांना हा धंदा करावासा वाटतो त्यांच्यासाठी

आपल्या घरातील एखाद्या मुला-मुलीला यात हात घालायचा असेल, तर त्याने सारे जग कवेत घेऊ नये. स्वतः पायाखाली घातलेला एकच मार्ग किंवा एकच शहर निवडावे. पहिली दोन-तीन वर्षे हाताशी दुसरा रोजगार ठेवावा. एका कंपनीच्या कमिशनवर विसंबू नये. प्रत्येक पानावर माहिती कधी तपासली ती तारीख घालावी आणि दलाली मिळत असेल तेथे तसे लिहावे. तसे लिहिल्याने गिऱ्हाईक तुटते, अशी अनेकांना भीती असते. स्मिथ यांनी ते उघड लिहूनच आपला धंदा वाढवला.