पृथ्वी फिरते, हे कशावरून?

इतिहासाच्या शिक्षकाने प्रकाशकिरणांविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पृथ्वी फिरते हे पुस्तकात आहे म्हणूनच मानायचे का?” केवळ ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. तेव्हा त्याला पुन्हा पुस्तकच दाखवणे उचित नव्हते.

आपल्या मैदानावर चुन्याने वर्तुळ आखले आहे, असे समजा. एकाच ठिकाणाहून दोन विद्यार्थी समान वेगाने विरुद्ध दिशांनी धावले, तर ते आरंभस्थानी एकाच क्षणी परततील. आता तेथे उभे असलेले पंचच वर्तुळावरून चालू लागले तर? समोरून येणारा त्यांना लवकर भेटेल. मागून येणाऱ्यास अधिक अंतर कापावे लागेल. पंचांच्या चालण्याने धावणाऱ्यांचा वेग मात्र बदलत नाही. प्रकाशाचेही तसेच, उगम हलला म्हणून त्याचा वेग वाढत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ साली फिरत्या मेजावर आरसे मांडून हेच केले. मेज सेकंदाला सुमारे दोन फेरे घेई. दोन किरणांच्या पोहोचण्यातील फरक कोणत्याही घड्याळाच्या आवाक्याबाहेरचा होता. परंतु त्यांच्या मिलनातून उमटणारे काळे-उजळ पट्टे सरकले. यावरून ईथर सिद्ध झाले, असे सान्याक यांनी मानले. वस्तुतः ईथर माना वा सापेक्षतावाद, फळ हेच येते, हे माक्स फॉन लाउए यांनी १९११ सालीच दाखवले होते. पट्टे खरे ठरले, निष्कर्ष टिकला नाही. कागद आणि त्याचा अन्वयार्थ यांतील असा भेद आम्हा इतिहासवाल्यांच्या परिचयाचा आहे.

पुढे १९२५ साली मायकेलसन व गेल यांनी शिकागोजवळ सुमारे ६१२ मीटर लांब व ३३९ मीटर रुंद अशा निर्वात नळ्यांच्या चौकोनातून किरण फिरवले. येथे मेज म्हणजे साक्षात पृथ्वी! ती थांबवून तुलना करता येईना, म्हणून त्यांनी शेजारी एक लहान चौकोन ठेवला. पट्टा ०.२३६ सरकेल असे गणित होते, सरकला ०.२३०. आज विमानांतील दिशादर्शक यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्याने येथे जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चौकोनाला पृथ्वीच्या तासाला १५ अंश फिरण्यापैकी जेमतेम ४.३ अंशच जाणवतील. तोच पूर्व-पश्चिम भिंतीवर उभा केला, तर १४ अंशांहून अधिक.

“तुम्ही पाहिले का?” हा त्याचा पुढचा प्रश्न. नाही, असे सांगावे लागले. मात्र कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते, त्या पुण्याच्या आयुकात फुको लंबक आहे. त्याच्या झोक्याची दिशा तेथे तासाला पाच अंशांहून किंचित कमी वळते. पुढील सहलीत आम्ही दोघांनी त्याच्यापाशी तासभर बसायचे ठरवले आहे.