साडेतीनचे तीन की चार? धंद्यातलं राउंड ऑफ नीट समजून घ्या



कॅल्क्युलेटरवर २७.७८ असा आकडा आला की तुम्ही काय करता? बरेच जण लगेच म्हणतात, "धरा २८." शाळेच्या पेपरात याला पूर्ण मार्क मिळतील. धंद्यात मात्र याच २८ मुळे ऑर्डर कमी पडू शकते. म्हणून आज राउंड ऑफचं गणित आधी शाळेच्या पद्धतीने बघू आणि मग गल्ल्यावर बसून बघू.

शाळेतला नियम

दशांश अपूर्णांक असेल तर दशांशचिन्हानंतरचा फक्त पहिला अंक बघा. तो ५ किंवा जास्त असेल तर पुढची पूर्ण संख्या घ्या, ४ किंवा कमी असेल तर आहे तीच ठेवा. १२.३९ चे १२, आणि १२.६१ चे १३.

इथे एक चूक हमखास होते. ३.४६ चे आधी ३.५ करायचे आणि मग ३.५ चे ४! असं दोनदा राउंड करू नका. ३.४६ हे साडेतीनपेक्षा कमीच आहे, म्हणून उत्तर ३.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक असेल तर वरच्या अंकाची दुप्पट करा. ती खालच्या अंकाएवढी किंवा जास्त झाली की वर जा. ३ पूर्णांक ५/८ मध्ये पाच दुणे दहा, दहा आठापेक्षा मोठे, म्हणून ४. ३ पूर्णांक ३/८ मध्ये तीन दुणे सहा, म्हणून ३. आपल्या रोजच्या भाषेत सांगायचं तर सव्वातीनचे तीन, पावणेचारचे चार. साडेतीन बरोबर मधोमध, पण रिवाजाने चार.

आता धंद्याचे तीन नियम

१. माल आणायचा असेल तर वर जा. २४४ लाडवांची ऑर्डर आहे, एका बॉक्समध्ये १२ बसतात. २४४ भागिले १२ म्हणजे २०.३३. शाळेचा नियम २० बॉक्स सांगतो. पण मग उरलेले ४ लाडू कशात देणार? बॉक्स २१ च आणायचे.

२. माल द्यायचा असेल तर खाली या. ५ किलो चकली तयार आहे, पाकीट १८० ग्रॅमचं. ५००० भागिले १८० म्हणजे २७.७८. दुकानदाराला शब्द २७ पाकिटांचाच द्या. अठ्ठाविसावं पाकीट काढायला गेलात तर प्रत्येकात साधारण १७८.५ ग्रॅमच भरेल आणि छापलेलं असेल १८०. दीड ग्रॅमसाठी गिऱ्हाईकाचा विश्वास घालवू नका.

३. खर्च काढताना मधे राउंड करू नका. ४० पाकिटांना एकूण खर्च १,८९७ रुपये आला. एका पाकिटाचा खर्च ४७.४२५ रुपये. तुम्ही ४७ धरले आणि त्यावर ठरावीक नफा जोडून भाव काढला, तर प्रत्येक पाकिटामागे साडेबेचाळीस पैसे सुटले. महिन्याला १,००० पाकिटं विकत असाल तर ४२५ रुपये गेले, वर्षाला ५,१००! पैसे शेवटपर्यंत धरून ठेवा, विक्रीचा भाव ठरला की मगच तो रुपयात आणा, आणि तोही वरच्या बाजूला.

बिलात काय करायचं?

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. ५० पैशांचं नाणं कायद्याने चालतं, पण गल्ल्यात क्वचितच दिसतं. त्यामुळे बिलाची बेरीज रुपयात आणावीच लागते. इथे मात्र शाळेचाच नियम पाळा. १,२३४.४० चे १,२३४ आणि १,२३४.५० चे १,२३५. फरक 'राउंड ऑफ' अशा वेगळ्या ओळीत दाखवा. सीजीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७० मध्येही देय कराची रक्कम अशीच रुपयात आणायला सांगितली आहे: ५० पैसे किंवा जास्त असतील तर एक रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. प्रत्येक बिलात आपल्याच बाजूने वर जाणं बरोबर नाही, आणि गिऱ्हाईकाच्या ते लक्षात येतंच.

आता वही-पेन घ्या

१३० माणसांच्या जेवणाची ऑर्डर आहे. माणशी साडेतीन पोळ्या धरल्या आहेत. तुमच्या हाताने एक किलो कणकेच्या ३२ पोळ्या होतात. कणीक किती आणाल?

आधी स्वतः करा, मग खाली बघा.

१३० गुणिले ३.५ म्हणजे ४५५ पोळ्या. ४५५ भागिले ३२ म्हणजे १४ पूर्णांक ७/३२. जवळची संख्या १४, पण १४ किलोत ४४८ च पोळ्या होतील, पंगतीत ७ कमी! म्हणून १५ किलो. आणि सुरुवातीलाच साडेतीनचे चार केले असते तर? ५२० पोळ्या, म्हणजे १७ किलो. दोन किलो कणीक विनाकारण जास्त.

उद्या कोटेशन काढायला बसाल तेव्हा आकड्यापुढे थांबून एकच प्रश्न विचारा: हे आणायचंय, द्यायचंय, की बिलात लिहायचंय? उत्तर मिळालं की वर जायचं की खाली, ते आपोआप कळेल.