दुसऱ्या टप्प्याची मुभा

चाकांच्या खुर्चीवरील टेनिसचा विषय निघाला की आपल्याकडील सज्जनांच्या मुद्रेवर प्रथम करुणा उमटते. वस्तुतः या खेळाला तिची गरज नाही. मैदान तेच, जाळे तेच, चेंडू आणि रॅकेटही त्याच. मुख्य फरक एवढाच की, चेंडू दोन टप्पे पडेपर्यंत परतविता येतो, आणि दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो. खुर्ची मात्र खेळाडूच्या देहाचाच भाग. चेंडू तिला लागला की गुण गेला. समोर धडधाकट खेळाडू असल्यास त्याला एक टप्पा व याला दोन, एवढ्यावर सामना रंगू शकतो. ब्रॅड पार्क्स या जायबंदी अमेरिकन तरुणाने १९७६ मध्ये रुजविलेल्या या खेळाला १९९२ साली बार्सिलोनात पॅरालिम्पिक पदकांचा मान मिळाला.

पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा पहिला पर्पल महोत्सव भरला, त्याचे आम्हां किनारपट्टीवासीयांस कौतुक आहेच. पण घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्यात दूधगंगेकाठी वसलेल्या सदलग्यासारख्या गावातील पांगळ्या मुलाने कोठे खेळावे? तेथून पंचगंगा आणि वारणा ओलांडून उत्तरेस गेले की पेठ-इस्लामपूरचा परिसर लागतो. मुरलीकांत पेटकर तिथलेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून हा जवान कमरेखाली लुळा झाला. उपचार म्हणून त्याला पाण्यात उतरविले गेले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून त्याने भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले! तो विलंब लाजिरवाणा खरा. परंतु आमच्या मते महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पेटकरांना आधी तलाव मिळाला, पदक नंतर.

टेनिसची खुर्ची घरातल्या खुर्चीहून वेगळी असते. वजनाने हलकी, आणि झटक्यात वळावी म्हणून तिची चाके खाली फाकलेली. शेतमजुराच्या घराला ती परवडणारी नव्हे. दिव्यांगांना खेळात सहभाग मिळवून देण्याची जबाबदारी २०१६ च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे. तेव्हा तालुक्याच्या मैदानावर पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा आणि अशा दोन खुर्च्या तेथे कायमच्या ठेवाव्यात. तालमीतले मुद्गल कोणा एकाच्या मालकीचे नसतात. जो येईल तो उचलतो. या खुर्च्याही तशाच असाव्यात.