धारित्रांची बदली, जुन्या ध्वनिपरिणाम उपकरणांतील

मूळ ध्वनीला प्रतिध्वनी, निनाद, कंप यांसारखे गुण देणाऱ्या जुन्या उपकरणांतील निकामी धारित्रे (विद्युत् भार साठविणारे घटक) काढून त्यांच्या जागी योग्य गुणधर्मांची नवी धारित्रे बसविण्याची क्रिया. उपकरणाचे आयुष्य वाढविणे व त्याचा मूळ नाद टिकविणे असे तिचे दोन हेतू असतात. ते पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात.

इंग्लंडमधील वॉटकिन्स कॉपिकॅट (१९५८) व जपानमधील रोलंड स्पेस एको आरई-२०१ (१९७४) ही चुंबकीय फितीवर चालणारी प्रतिध्वनी उपकरणे प्रसिद्ध आहेत. विद्युत् वाद्येही याच काळात प्रसार पावली. मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये केवळ रोलंड कंपनीच्या यंत्रांवर रागांचे ध्वनिमुद्रण केले. त्या पिढीतील सर्व यंत्रांना आता चाळीस वर्षे उलटली असून त्यांच्या दुरुस्तीत धारित्रांचा प्रश्न प्रथम उद्‌भवतो.

जीर्णतेची कारणे : विद्युत् विच्छेद्य धारित्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावरील ऑक्साइडाचा थर निरोधकाचे कार्य करतो आणि द्रवाने भिजविलेला कागद दुसऱ्या विद्युत् अग्राशी संपर्क साधतो. रबरी बुचातून हा द्रव हळूहळू उडून जातो. त्यामुळे धारणा घटते व अंतर्गत रोध वाढतो. उपकरण दीर्घकाळ न वापरल्यास ऑक्साइडाचा थरही क्षीण होतो व गळती प्रवाह वाढतो. मेण लावलेल्या कागदी धारित्रात ओलावा शिरून गळती होते. टँटलम धारित्र बिघडल्यास बहुधा मंडल-संक्षेप (शॉर्ट) होतो. चांगल्या प्रतीची अभ्रकी, सिरॅमिक व प्लॅस्टिक पटलाची धारित्रे मात्र सामान्यतः दीर्घकाळ टिकतात.

तापमान हा निर्णायक घटक होय. तापमान १०° से.ने वाढल्यास विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा व्यावहारिक नियम आहे. ८५° से.ला २,००० तासांचे आयुष्य असलेले धारित्र पेटीच्या आत ४५° से. तापमान असता सुमारे ३२,००० तास टिकेल, ६५° से.ला ते अवघे ८,००० तास टिकेल. नागपूर येथे मे महिन्यात हवेचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते. त्यात नलिकांच्या उष्णतेची भर पडल्यावर पेटीच्या आत ६५° से. तापमान होणे अशक्य नाही. म्हणून विदर्भासारख्या प्रदेशात १०५° से.ला प्रमाणित केलेले धारित्र निवडणे हितावह असते. त्याच २,००० तासांच्या हिशेबाने ते ६५° से.ला सुमारे ३२,००० तास टिकू शकते.

लक्षणे व तपासणी : वीजपुरवठ्यातील छानक धारित्र क्षीण झाल्यास घरघर ऐकू येते. भारतातील ५० हर्ट्‌झ पुरवठ्यावर पूर्णतरंग एकदिशकारक असता तिची कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. दोन टप्प्यांना जोडणाऱ्या युग्मन धारित्रातून गळती झाल्यास पुढील नलिकेच्या जालकावर धन विद्युत् दाब येतो, तिचा प्रवाह वाढतो व नलिका तापून निकामी होऊ शकते. फुगलेले टोपण व पाझर ही दृश्य लक्षणे होत. परंतु बाहेरून निर्दोष दिसणारे धारित्रही सदोष असू शकते. म्हणून धारणा, अंतर्गत रोध व गळती या तिन्हींचे मापन करावे.

बदलण्याची रीत : नलिकांच्या उपकरणात ३०० ते ४५० व्होल्ट दाब असू शकतो व पुरवठा तोडल्यावरही भार उरतो. ४०० व्होल्ट दाबाच्या ४७ मायक्रोफॅराड धारित्रातील सुमारे ३.८ जूल ऊर्जा प्राणघातक ठरण्याचा धोका असतो. १० किलोओहम रोधकातून ते सुमारे अडीच सेकंदांत जवळजवळ रिकामे होते. तथापि हात लावण्यापूर्वी दाब मोजणे अनिवार्य आहे. नव्या धारित्राचा दाबांक मूळच्याहून कमी नसावा व ध्रुवांची अदलाबदल होऊ नये. नलिका एकदिशकारकापुढील पहिल्या धारित्राची धारणा मनमानी वाढवू नये. जीझेड ३४ या नलिकेसाठी ती मर्यादा ६० मायक्रोफॅराड आहे. एका वेळी एकच धारित्र बदलून चाचणी घेतल्यास चूक शोधणे सोपे जाते.

मूळ नादाचा प्रश्न : स्वरगुण ठरविणारी धारित्रे सरसकट बदलणे योग्य नव्हे. जपानी युनि-व्हाइब उपकरणाच्या चार कलापरिवर्तक टप्प्यांत मुद्दाम असमान धारणा योजिलेल्या आहेत. त्या ‘दुरुस्त’ करून समान केल्यास त्याचा वैशिष्ट्यपूर्ण नाद नष्ट होतो. याउलट, गळके धारित्र केवळ ‘मूळचे’ म्हणून ठेवल्यास रोहित्र किंवा नलिका जळून भरून न येणारी हानी होते. यासाठी वीजपुरवठ्यातील द्रवयुक्त धारित्रे आधी तपासून सदोष असल्यास बदलावीत, ध्वनिमार्गातील धारित्रे मापनाने सदोष ठरल्यासच बदलावीत, आणि काढलेले भाग, त्यांची मूल्ये व जागा यांची नोंद उपकरणासोबत जपून ठेवावी. पुढील दुरुस्ती करणाऱ्यास मूळ स्थिती ओळखण्याचा तोच एक भरवशाचा आधार असतो.